कलावस्तीतील चालू स्टुडिओ कसे पाहावेत: नवख्यांसाठी मार्गदर्शन

एखाद्या शहरातील कलावस्तीत पहिल्यांदा गेलेला माणूस बहुधा दोन-अडीच तासांत परततो. रंगवलेल्या भिंती पाहून होतात, तीन-चार गॅलऱ्यांतून फेरी होते, एखाद्या दुकानातून छापील कार्डे घेतली जातात आणि वस्ती पाहून झाली असे वाटू लागते. प्रत्यक्षात तो उंबरठ्यावरूनच परतलेला असतो. ज्यांच्यामुळे त्या भागाला कलावस्ती म्हटले जाऊ लागले ते चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकार (पत्र्यावर किंवा दगडावर चित्र करून त्याचे छाप काढणारे), मातीकाम आणि काचकाम करणारे लोक त्याच इमारतींत, मागच्या जिन्याने वर गेल्यावर, मालवाहू लिफ्टच्या पलीकडे, नावाची साधी चिठ्ठी लावलेल्या दारांआड काम करत असतात. त्या दारांपर्यंत कसे पोहोचावे, आत काय पाहावे आणि कसे वागावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. गॅलरीत आणि संग्रहालयात आपल्याला पूर्ण झालेले काम दिसते. स्टुडिओत दिसते ते अपुरे, फसलेले, बाजूला ठेवलेले आणि पुन्हा हाती घेतलेले काम. तेच पाहण्यासाठी तिथे जायचे असते. ज्याला केवळ सुंदर वस्तू पाहायच्या आहेत त्याने खुशाल गॅलरीत जावे, तिथे उजेडही चांगला असतो आणि बसायलाही जागा असते. पण वस्तू कशी होत जाते हे ज्याला पाहायचे आहे, त्याने कोणता दिवस निवडायचा, किती स्टुडिओ पाहायचे आणि काय विचारायचे, हे सगळे याच हेतूवरून ठरवावे.

पहिली पायरी: इमारत वाचावी

जगातील बऱ्याच कलावस्त्या जुन्या कारखान्यांत आणि गोदामांत वसलेल्या आहेत, आणि त्यामागे व्यवहाराची कारणे आहेत. यंत्रांसाठी बांधलेल्या जमिनी भारी वजन पेलतात, छत उंच असते, मोठे कॅनव्हास किंवा दगड वर नेता येतील अशी लिफ्ट असते, पाणी आणि विजेची सोय दांडगी असते, आणि उद्योग निघून गेल्यावर काही काळ तरी भाडे कमी असते. जर्मनीतील लाइपझिग शहरातली सूतगिरणी १८८४ मध्ये सुरू झाली. सूत बंद पडल्यावर तिच्या विटांच्या इमारतींत स्टुडिओ आणि गॅलऱ्या आल्या, आणि नेओ राउख यांच्यासारखा नामवंत चित्रकार तिथेच काम करतो. बीजिंगमधील ७९८ हा परिसर मूळचा इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा कारखाना होता, जो १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या मदतीने उभारला गेला. त्याच्या करवतीच्या दात्यांसारख्या छपरांना उत्तरेकडे तोंड करून काचा बसवलेल्या आहेत, आणि १९९० च्या दशकात जागा शोधणाऱ्या शिल्पकारांना व नंतर चित्रकारांना या शेड पसंत पडल्या, त्यात या उजेडाचाही वाटा होता. अमेरिकेतील अलेक्झांड्रिया येथे नौदलाच्या टॉर्पेडो कारखान्याचे बांधकाम १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे पहिले महायुद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाले. त्याच इमारतीत १९७४ पासून कलाकार काम करत आहेत.

उत्तरेच्या उजेडाचा मुद्दा जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे. उत्तर गोलार्धात उत्तरेकडील खिडकीतून दिवसाच्या बहुतेक वेळी थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा पसरलेला उजेड, आणि म्हणून सकाळी निवडलेला रंग दुपारीही जवळपास तसाच दिसतो. दक्षिण गोलार्धात हेच काम दक्षिणेची खिडकी करते. वस्तीत शिरल्यावर आधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून छप्पर आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्या पाहाव्यात. कोणत्या बाजूला चित्रकार असण्याचा संभव आहे हे तिथूनच कळते. तळमजल्यावर रुंद दार, मालाचा ट्रक लावण्याचा ओटा, बाहेर रचलेली मातीची पोती, प्लास्टरचे तुटके साचे, लाकडी खोकी किंवा भट्टीचे धुराडे दिसले तर तिथे भारी काम चालते: शिल्प, ओतकाम, मातीकाम. दरवाजाजवळच्या घंटांच्या पाटीवर एका मजल्यावर अनेक व्यक्तींची नावे असतील तर मोठी जागा फळ्या घालून वाटून घेतलेली आहे असे समजावे.

ही खूण-पाहणी करण्याचे आणखी एक कारण आहे. कलावस्ती हे नाव टिकते, पण काम करणारे टिकतीलच असे नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागात १९६० च्या दशकात कलाकारांनी रिकामे कारखाने घेतले, १९७१ मध्ये शहराने नियम बदलून प्रमाणित कलाकारांना तिथे राहून काम करण्याची परवानगी दिली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत भाडी इतकी चढली की १९९० च्या दशकात गॅलऱ्यासुद्धा चेल्सी भागाकडे सरकल्या. नकाशावर कलावस्ती म्हणून दाखवलेल्या रस्त्यावर फक्त दुकाने आढळली तर निराश होऊन परतू नये. भाडे चढले की कलाकार बहुधा त्याच मार्गावर थोडे पुढे, अजून कारखान्यांसारख्या दिसणाऱ्या गल्ल्यांत जातात. गॅलरीतील व्यक्तीला "तुमच्याकडील कलाकार काम कुठे करतात?" असे सरळ विचारावे. त्या एका प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेपेक्षा उपयोगी पडते.

दुसरी पायरी: दिवस निवडावा

स्टुडिओ पाहण्याचे दिवस तीन प्रकारचे असतात.

काही इमारती रोजच लोकांसाठी खुल्या असतात. अलेक्झांड्रियाचा टॉर्पेडो कारखाना तसाच आहे; तिथे काचेच्या भिंतीतून काम करणारा कलाकार दिसतो आणि दार उघडे असेल तर आत जाता येते. पॅरिसमधील रिव्होली रस्त्यावरील ५९ क्रमांकाची इमारत १९९९ मध्ये कलाकारांनी रिकामी पडलेली पाहून ताब्यात घेतली, पुढे नगरपालिकेने ती विकत घेऊन दुरुस्त केली आणि २००९ मध्ये ती पुन्हा उघडली. तिच्या मजल्यामजल्यांवर आज तीस कलाकार काम करतात आणि लोक जिन्याने चढत सगळे स्टुडिओ पाहतात. नवख्याने सुरुवात अशा ठिकाणाहून करावी, कारण येथे कलाकारांना पाहुण्यांची सवय असते आणि आपल्यालाही संकोच वाटत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे खुल्या स्टुडिओंचे दिवस. वर्षातून एक-दोनदा ठरलेल्या शनिवार-रविवारी वस्तीतील बहुतेक कलाकार दारे उघडतात आणि नकाशा छापून वाटला जातो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हा उपक्रम १९७५ पासून चालू आहे, आणि आता जगभर अनेक शहरांत असे दिवस ठरलेले असतात. या दिवशी पन्नास दारे एका फेरीत पाहता येतात, हा मोठा फायदा. पण त्या दिवशी स्टुडिओ आवरलेले असतात, भिंतींवर विक्रीची चित्रे लागतात, कुंभाराचे चाक थांबलेले असते आणि कलाकार पाहुण्यांशी बोलण्यात गुंतलेला असतो. म्हणून खुला दिवस हा निवडीचा दिवस मानावा. ज्यांचे काम मनात घर करून राहिले अशी तीन-चार नावे टिपून घ्यावीत आणि पुढे जावे.

तिसरा प्रकार वेळ ठरवून भेटण्याचा, आणि माझ्या मते खरी भेट हीच. एका दिवसात दोन स्टुडिओ पुरेत, तीन म्हणजे कमाल. प्रत्येकी चाळीस मिनिटे ते एक तास धरावा, आणि मध्ये किमान अर्धा तास मोकळा ठेवावा, कारण पहिल्या ठिकाणी पाहिलेले लिहून काढल्याशिवाय दुसरीकडे गेले तर दोन्हीकडचे एकमेकांत मिसळते.

काही जागा कधीच खुल्या नसतात आणि तेही मान्य करावे. पॅरिसमधील ला रुश, म्हणजे मधमाश्यांचे पोळे, ही गोलाकार इमारत शिल्पकार आल्फ्रेद बूशे यांनी १९०२ मध्ये स्टुडिओ म्हणून उभी केली. १९०० च्या जागतिक प्रदर्शनातील मंडपाचा सांगाडा त्यासाठी वापरला होता. शागाल आणि सूतीन हे चित्रकार तिथे राहून गेले. आजही तिथे कलाकार राहतात आणि काम करतात, आणि म्हणूनच ती सहसा बाहेरूनच पाहायची असते.

तिसरी पायरी: भेटीची विनंती

विनंतीचा संदेश पाच-सहा ओळींचा असावा. आपण कोण, त्यांचे कोणते काम कुठे पाहिले, भेटीत काय पाहण्याची इच्छा आहे, किती जण येणार, किती वेळ लागेल आणि कोणते दोन-तीन दिवस चालतील, एवढे त्यात यावे. "खुल्या दिवशी आपली काळ्या शाईतील मुद्राचित्रे पाहिली. छपाई कशी होते हे पाहण्याची इच्छा आहे. आम्ही दोघे येऊ आणि पाऊण तासाहून अधिक वेळ घेणार नाही. आपण छपाई करणार असाल त्या दिवशी, एका बाजूला उभे राहून पाहिले तरी चालेल." अशा पत्राला उत्तर मिळण्याची शक्यता पुष्कळ असते, कारण त्यात कामाचा नेमका उल्लेख आहे आणि कलाकाराचा दिवस मोडणार नाही याची हमीही आहे. "आपला स्टुडिओ पाहायचा आहे" एवढ्याच ओळीला उत्तर देणे कलाकाराला जड जाते, कारण समोरच्याला काय हवे आहे हे त्यातून कळत नाही. खरेदीचा विचार नसेल तर तसे आधीच लिहावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही, आणि दोन्ही बाजूंचा गैरसमज टळतो. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण द्यावी आणि मग थांबावे.

चौथी पायरी: जाण्याच्या दिवशीची तयारी

पायांत बंद आणि न घसरणारे बूट असावेत, कपडे डाग पडला तरी चालतील असे असावेत, आणि पाठीवर फुगलेली पिशवी असू नये. पाठपिशवी वळताना ओल्या चित्राला लागते, आणि असे अपघात बहुधा निरोप घेताना होतात. ती दारातच ठेवावी. लांब ओढणी किंवा सैल बाह्या यंत्राजवळ आणि ज्योतीजवळ धोक्याच्या असतात. लहान मुलांना न्यायचे असेल तर आधी विचारावे. मातीकामाच्या स्टुडिओत त्यांचे स्वागत होईल, ॲसिड वापरणाऱ्या छापखान्यात बहुधा होणार नाही.

धोके माध्यमानुसार वेगळे असतात. वेल्डिंग चालू असताना ठिणगीच्या प्रकाशाकडे उघड्या डोळ्यांनी क्षणभरही पाहू नये, कारण त्यातील अतिनील किरणांनी बुबुळाचा पृष्ठभाग भाजतो आणि त्रास काही तासांनंतर सुरू होतो, तोवर काय झाले हेही लक्षात येत नाही. मातीकामाच्या जागेत वाळलेल्या मातीची धूळ श्वासात जाणे वाईट, कारण तीत सिलिका असते. म्हणूनच तिथे जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसतात. चित्रकाराच्या खोलीत झाकणाचा लोखंडी डबा दिसला तर त्यात कागदाचा कपटा टाकू नये. तो तेलाच्या चिंध्यांसाठी असतो. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, त्यामुळे गोळा करून ठेवलेल्या तेलकट चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात.

इमारतीविषयीही सावध असावे. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे २ डिसेंबर २०१६ च्या रात्री कलाकारांच्या एका गोदामाला आग लागली आणि ३६ जण दगावले. आत लाकडी सामानाची दाटी होती आणि वरच्या मजल्यावरून उतरण्याचे मार्ग नीट नव्हते. जुन्या गोदामात रात्रीच्या कार्यक्रमाला गेल्यास बाहेर पडण्याचे दोन मार्ग आधी पाहून ठेवावेत. दुसरा मार्ग दिसला नाही आणि आत गर्दी असेल, तर तिथे थांबू नये.

पाचवी पायरी: आत गेल्यावर पाहावे काय

दारातून आत गेल्यावर पहिली काही मिनिटे न बोलता पाहण्यात घालवावीत. हात मागे बांधले तर काहीतरी उचलून पाहण्याचा मोह आवरतो. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली चित्रे कधीही स्वतः वळवू नयेत; ती तशी ठेवण्यामागे कारण असते. बऱ्याचदा चित्रकाराला त्यांच्याकडे काही आठवडे पाहायचेच नसते, म्हणजे पुन्हा पाहताना चूक चटकन दिसावी.

चित्रकाराच्या खोलीत आधी उजेड कुठून येतो ते पाहावे. उजव्या हाताने काम करणाऱ्याने ईझल, म्हणजे चित्र टेकवण्याचा घोडा, बहुधा असा ठेवलेला असतो की उजेड डावीकडून यावा आणि हाताची सावली कामावर पडू नये. खोलीत आरसा असेल तर तो कशासाठी हे विचारावे: चित्र आरशात उलटे पाहिले की सवयीमुळे एरवी न जाणवणारा बिघडलेला तोल दिसतो. मग अपुऱ्या चित्रापाशी जावे आणि कडांकडे पाहावे. मध्यभागी झाकले गेलेले थर कॅनव्हासच्या कडेला उघडे असतात, आणि तिथून चित्राचा क्रम वाचता येतो: आधी पांढरा अस्तर, मग एखादा मातकट पातळ थर, मग पातळ रंग, त्यावर दाट. तैलरंगात वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल अधिक असावे लागते, नाही तर वरचा थर आधी वाळून आक्रसतो आणि पुढे तडे जातात. म्हणून एकाच वेळी पाच-सहा चित्रे चालू असतात, एक वाळते तोवर दुसऱ्यावर हात फिरतो. एकाच विषयाची पाच चित्रे पाहून पुनरावृत्ती वाटली तर या वाळण्याच्या हिशोबाची आठवण ठेवावी.

मुद्राचित्रणाचा छापखाना हे नवख्यासाठी सर्वांत शिकवणारे ठिकाण आहे, असे मला वाटते, कारण तिथे प्रत्येक टप्पा वेगळा ठेवलेला दिसतो. एचिंगमध्ये तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, त्यावर सुईने रेघ ओढतात, आणि पत्रा आम्लात ठेवतात. जिथे थर खरवडला गेला तिथेच आम्ल धातू खाते. जितका वेळ अधिक तितकी रेघ खोल आणि छापल्यावर तितकी गडद. मग शाई रेघांत भरून पृष्ठभाग पुसून काढतात. हे पुसणे नीट पाहावे. तळहाताच्या कडेने शेवटचा हात फिरवणारा कारागीर किती शाई मागे ठेवायची हे त्याच क्षणी ठरवत असतो, आणि त्यामुळे एकाच पत्र्याच्या दोन छापांत सूक्ष्म फरक राहतो. ओलसर कागद, त्यावर लोकरी नमद्याचे थर, रूळ फिरतो, आणि कागद एका कोपऱ्याने उचलला जातो. प्रतिमा उलटी आलेली असते. कलाकाराने सगळे काम आरशातल्यासारखे उलटे धरूनच केलेले असते. कागदावर पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन उमटतो, त्यावरून पुढे कुठेही खोल रेघांची मुद्रा ओळखता येते.

शिलामुद्रणाचा दगड दिसला तर तो जरूर पाहावा. आलोइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत ही पद्धत शोधली, आणि तिच्यासाठी सर्वांत नावाजलेला चुनखडीचा दगड बव्हेरियातील झोल्नहोफेनचा. त्यावर काही कोरायचे नसते. तेलकट पेन्सिलीने चित्र काढतात, दगड ओला ठेवतात, आणि तेलकट शाई फक्त तेलकट रेघांवरच बसते. छपाई संपली की दगड दुसऱ्या दगडावर वाळू-पाण्याने घासून चित्र पुसतात आणि तोच दगड नव्या चित्रासाठी घेतात. म्हणजे छाप हाती राहतात, मूळ उरत नाही.

मातीकामात वेळ फार महत्त्वाचा. चाकावरून उतरलेले भांडे लगेच भट्टीत जात नाही. ते कातड्याइतके घट्ट होईपर्यंत थांबून त्याचा तळ कोरतात, कान जोडतात, मग पूर्ण वाळवतात. पहिली भाजणी बहुधा हजार अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यानंतर झिलई, आणि स्टोनवेअरची, म्हणजे भाजून दगडासारख्या कठीण होणाऱ्या मातीच्या भांड्यांची, दुसरी भाजणी १२०० ते १३०० अंशांच्या दरम्यान. ५७३ अंशांपाशी मातीतील गारेचा स्फटिक आपले रूप बदलतो आणि आकारमानात एकदम फरक पडतो, म्हणून चढताना आणि उतरताना तिथे घाई केली तर भांडे तडकते. "भट्टी आत्ता उघडून दाखवता का?" हा प्रश्न म्हणूनच विचारू नये. फळ्यांवर रांगेने मांडलेले लहान चकत्यांचे नमुने मात्र दाखवायला सांगावे. प्रत्येक चकतीमागे झिलईचे माप आणि तापमान लिहिलेले असते, आणि कलाकाराची अनेक वर्षांची मेहनत त्या फळ्यांवर असते.

काचेच्या भट्टीपाशी बोलणे बंद ठेवावे. भट्टीतील काच अकराशे अंशांच्या आसपास असते आणि नळीच्या टोकाला आलेला गोळा काही सेकंदांतच घट्ट होऊ लागतो, त्यामुळे गटातील प्रत्येकाची पावले ठरलेली असतात. आपण ठरलेल्या रेषेमागे राहावे. प्रश्न विचारण्याची वेळ वस्तू मंद थंड करणाऱ्या भट्टीत गेल्यावर येते. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या राज्याने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या होत्या. भट्टीजवळ उभे राहिल्यावर तो निर्णय समजतो.

कांस्याच्या ओतकामात मेणाचा नमुना, त्यावर साचा, मेण वितळवून बाहेर, पोकळीत धातू, असा क्रम असतो. ओतण्याच्या दिवसाची विनंती क्वचितच मान्य होते. साचा फोडल्यावर शिल्पाला चिकटलेल्या दांड्या, म्हणजे धातू आत जाण्याचे आणि हवा बाहेर पडण्याचे मार्ग, पाहायला मिळाल्या तरी पुष्कळ. त्या कापून, घासून, जोड पुसून टाकण्यास ओतण्यापेक्षा कितीतरी अधिक दिवस लागतात.

जतन केलेल्या स्टुडिओंशी या सगळ्याची तुलना करून पाहावी. चित्रकार फ्रान्सिस बेकन यांचा लंडनमधील स्टुडिओ सात हजारांहून अधिक वस्तूंच्या नोंदीसह डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीत हलवला गेला आणि २००१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. रंगांचे थर, फाटकी छायाचित्रे, सगळे जागच्या जागी आहे. ते पाहणे मोलाचे आहे, पण तिथला पसारा आता बदलत नाही. चालू स्टुडिओत पुढच्या आठवड्यात तो वेगळा असेल.

सहावी पायरी: विचारणे आणि छायाचित्र घेणे

"प्रेरणा कुठून मिळते?" हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर कलाकाराने शंभरदा दिलेले असते. कामाला धरून विचारावे: हे चित्र कुठे अडले आहे? हा निळा पुसून पुन्हा का लावला? काम संपले हे कशावरून ठरवता? यातले कोणते हत्यार स्वतः बनवले? अशा प्रश्नांवर माणूस खुलतो आणि बहुधा कोपऱ्यातून एखादी फसलेली वस्तू काढून दाखवतो. ती पाहायला मिळाली तर भेट सार्थकी लागली. अपुऱ्या कामावर मत विचारल्याशिवाय देऊ नये. "इथे लाल हवा होता" हे वाक्य हलक्या मनाने उच्चारले तरी ते त्या खोलीत दिवसभर रेंगाळते.

छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी मागावी, आणि ते समाजमाध्यमावर टाकायचे असल्यास वेगळी मागावी. प्रदर्शनापूर्वी काम बाहेर दिसणे अनेकांना नको असते.

भिंतींवरील मोठ्या चित्रांची छायाचित्रे घेताना त्यांच्या कर्त्याचे नाव शोधून नोंदवावे. बहुधा ते खालच्या कोपऱ्यात असते. भिंत दुसऱ्याची असली तरी चित्र कुणाचे तरी काम असते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील फाइव्ह पॉइंट्झ या इमारतीवरील चित्रे २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत पांढरा रंग फासून झाकली, तेव्हा एकवीस कलाकारांनी दृश्यकलाकारांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या अमेरिकी कायद्याखाली दाद मागितली आणि २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांना ६७.५ लाख डॉलर भरपाई मंजूर केली.

सातवी पायरी: घ्यायचे असल्यास

खरेदी केलीच पाहिजे असे नाही. घ्यायचे असेल तर आधी विचारावे की कलाकाराचा एखाद्या गॅलरीशी करार आहे का. गॅलरी साधारणपणे विक्रीच्या किमतीचा मोठा भाग, अनेकदा निम्म्याच्या आसपास, घेते. "गॅलरी वगळून स्वस्तात द्या" असे म्हणणे म्हणजे कलाकाराला करार मोडायला सांगणे होय. मुद्राचित्रावर पेन्सिलीने लिहिलेला ७/३० असा आकडा दिसेल: तीस प्रतींपैकी सातवी. सातवा क्रमांक तिसाव्यापेक्षा चांगला असतो असे नाही. तीसबाहेर कलाकाराच्या स्वतःच्या किती प्रती आहेत आणि पुन्हा छापता येऊ नये म्हणून पत्रा छपाईनंतर रद्द केला का, हे विचारणे अधिक महत्त्वाचे. ताजे तैलचित्र घेतल्यास त्यावर अखेरचे व्हार्निश कधी द्यायचे ते ठरवून घ्यावे, कारण दाट रंग आतपर्यंत वाळायला सहा महिने ते वर्ष लागते. पावतीवर कलाकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप आणि रक्कम असावी. चित्र आपले झाले तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क बहुतेक देशांत कलाकाराकडेच राहतो, हेही लक्षात ठेवावे.

आठवी पायरी: दुसरी खेप

बाहेर पडल्यावर लगेच, कुठेही बसून, पाहिलेल्या अपुऱ्या कामाचे दोन-चार ओळींत वर्णन लिहावे: काय होते, किती झाले होते, कलाकार पुढे काय करणार म्हणाला. दुसऱ्या दिवशी आभाराच्या दोन ओळी पाठवाव्यात. आणि दीड-दोन महिन्यांनी, पूर्ण झालेले काम पाहता येईल का, एवढेच विचारावे.

पहिल्या खेपेला ओल्या मातीचा करडा वाडगा पाहिलेला असेल, तर दुसऱ्या खेपेला तो सुमारे दहा-बारा टक्क्यांनी आक्रसलेला, रंग पूर्ण बदललेला आणि टिचकी मारली तर खणखणणारा मिळतो. आपल्या वहीतील माप आणि समोरची वस्तू जुळत नाहीत. अशा वेळी वही पुढे करून कलाकाराला दाखवावी. फळीवरून त्याच मातीचा, त्याच दिवशी केलेला, पण भट्टीत तडकलेला दुसरा वाडगाही तो काढून ठेवतो, आणि दोन्ही शेजारी ठेवून बोलणे सुरू होते.